पाय माझेच आहेत का?

(पिंपळनेर येथे झालेल्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञांनी केलेलं भाषण. वाचकांच्या आग्रहावरून जसं बोललं गेलं तसं देत आहोत. – संपादक)



मी बसून बोललो तर चालेल ना? उभं राहून बोलायची सवय होती, पण आता दहा मिनिटांनी पाय थरथरायला लागतात. पाय थरथरायला लागले की लोक भाषण ऐकत नाहीत, हा माणूस आता पडतो की मग पडतो, तेच बघत राहतात.

मघाशी फाटकातून आत येताना एक मुलगा मागून पळत आला. हातात माझी उजव्या पायाची चप्पल. म्हणाला, "आजोबा, तुमची चप्पल रस्त्यातच राहिली." मी वीसेक पावलं एक पाय अनवाणी चालत आलो होतो आणि मला पत्ता नव्हता. खाली खडी आहे, ऊन आहे. तुम्ही हसलात, मीही हसलो. पण आज मला जे सांगायचं आहे ते सगळं त्या चपलेत आहे. पायातली चप्पल निघून गेली आणि कळलं नाही, असं कुणी सांगितलं की मी नोकरीत असताना लगेच वही काढायचो. तो माणूस आमच्या कामाचा असायचा.

माझं काम तुमच्यातल्या जुन्या लोकांना माहीत आहे. १९७९ साली मी लागलो, तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा नव्हता, सगळा धुळेच. साक्रीचा पश्चिम पट्टा, कोंडाईबारीच्या अलीकडचे-पलीकडचे पाडे, नवापूरकडचा भाग, कधी सायकलवर, कधी पायी. शाळेत जायचं, पोरांना सदरे काढायला लावायचे, उजेडात उभं करून पाठ बघायची. फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला की पोराला डोळे मिटायला सांगायचं आणि कापसाच्या टोकाने किंवा बॉलपेनने हळूच स्पर्श करायचा. "जिथे लागलं तिथे बोट ठेव." पोरगं चट्ट्यावर बोट ठेवायचं नाही, बाजूला ठेवायचं, किंवा नुसतंच उभं राहायचं. मग कोपरामागची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, घोट्याच्या आतली नस दाबून बघायची. जाड लागते का, दुखते का. या तीन जागा मला माझ्या घराच्या दारासारख्या पाठ आहेत.

त्या काळी रगतपिती हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारायचं नाही. आमची सायकल पाड्यात शिरली की बाया दारं लावून घ्यायच्या. रोग शिवल्याने होतो, पापाने होतो, करणीने होतो, असे सगळे समज. खरं तर नॉर्वे देशात बर्गन गावच्या डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ सालीच त्याचा जंतू दाखवून दिला होता. फार मंद जंतू. वाढायला इतका वेळ घेतो की लागण झाल्यावर चट्टा दिसायला साधारण पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून तो उडतो, तोही बराच काळ जवळ राहणाऱ्यालाच लागतो, आणि बहुतेकांचं शरीर त्याला परतवून लावतं. मी तेहतीस वर्षं त्या लोकांत बसलो, त्यांच्या हातचं पाणी प्यालो. मला कुष्ठरोग झाला नाही.

मला झाली मधुमेहाची न्यूरोपथी. नसांचा आजार. माझ्या पायांत आज जे आहे, ते मी तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या पायांत तपासत होतो.

एक माणूस सांगतो. नाव सांगत नाही, तो अजून हयात आहे. भिल्ल समाजाचा, तरणाबांड गडी, दरवर्षी दिवाळीनंतर बायकोसह गुजरातेत ऊस तोडायला जायचा. एका उन्हाळ्यात परत आला तेव्हा त्याच्या तळपायाला भोक पडलेलं होतं, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढं. उसाचं खोडकं घुसलं होतं. किती दिवस? म्हणाला, महिना झाला असेल. मी त्याच्यावर ओरडलो. सगळ्या पाड्यासमोर ओरडलो. "महिनाभर पायात भोक घेऊन हिंडलास आणि तुला कळलं कसं नाही?" तो खाली बघत म्हणाला, "साहेब, माले काही दुखत नही." मी म्हणालो, दुखत नाही म्हणजे काय, डोळे आहेत ना तुला? तळपाय बघायचा! मी त्याला निष्काळजी म्हणालो. वहीतही तसंच लिहिलं.

हे मी आज चाळीस वर्षांनी का सांगतो, ते पुढे येईल.

निवृत्त झालो तेव्हा मला साखर होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. गोळ्या चालू होत्या, पथ्य तोंडी होतं. म्हणजे दुसऱ्यांना सांगण्यापुरतं. मग रात्री तळपायांची आग सुरू झाली. पहिल्यांदा वाटलं, दिवसभर हिंडण्याचा शीण. मग मुंग्या. मग असं वाटायचं की पायात मोजे घातले आहेत आणि मोज्यांत वाळू आहे. मोजे तर नाहीतच. पायावर चादर पडली तरी सहन व्हायची नाही. आमच्या मिसेस म्हणायच्या, "अहो, थंडीत पाय उघडे टाकून झोपता, हे काय?" मी पाय भिंतीला लावून झोपायचो, भिंत गार असते म्हणून. पहाटे तीनला उठून मोरीत पायांवर पाणी ओतत बसायचो.

आता लोक विचारतात, एकीकडे म्हणता पाय बधिर आहेत, दुसरीकडे म्हणता आग होते, मग खरं काय? दोन्ही खरं. बाहेरचा काटा कळत नाही आणि आतली आग थांबत नाही. नस म्हणजे तार समजा. तुटत चाललेली तार खरा निरोप पोहोचवत नाही आणि खोटे निरोप मात्र रात्रभर पाठवत राहते. पायांनाच आधी का? कारण पायाच्या बोटांपर्यंत जाणारी नस शरीरातली सगळ्यात लांब. कमरेपासून अंगठ्यापर्यंत जवळजवळ एक मीटर. लांब तार आधी शेवटाला मरते. म्हणून हे दुखणं बोटांपासून सुरू होतं आणि मोज्यासारखं वर वर चढतं. कुष्ठरोगात तसं नसतं. तो जंतू अंगाच्या थंड जागेच्या, वर आलेल्या नसा धरतो, एक इथली, एक तिथली. म्हणून तिथे एक पाय बधिर आणि दुसरा चांगला असं दिसतं. माझे दोन्ही सारखे.

धुळ्याला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो स्वरकाटा काढला, कंपन तपासायचा. माझ्या अंगठ्यावर टेकवून म्हणाले, डोळे मिटा, थरथर जाणवली की सांगा. बंधूंनो, ही तपासणी मला पाठ. काट्याचा बारीक आवाज कानाला येतो, तो आला की "हो" म्हणायचं आणि विरला की "थांबला" म्हणायचं. मी तेच केलं. शाळेत कॉपी करणाऱ्या पोरासारखं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी काटा वाजवलाच नाही, नुसता टेकवला. मी डोळे मिटून म्हणालो, "हो, जाणवतंय." काही वेळ कुणीच बोललं नाही. मग ते म्हणाले, "काका, तुम्ही कुणाला फसवताय?"

मला राग आला. त्यांनी चपला बदलायला सांगितल्या, रोज तळपाय बघायला सांगितलं. मी मनात म्हणालो, मला शिकवतोस?

त्यानंतर तिसऱ्या महिन्यात एक लग्न होतं. जुनी चप्पल तळ उसवला म्हणून शिवून आणली होती, तिच्यात एक चुका वर आला होता. मी तीच घालून सकाळपासून रात्रीपर्यंत मांडवात हिंडलो, वाढपाला मदत केली, वरातीत चाललो. रात्री घरी आल्यावर मिसेसना फरशीवर लाल ठिपके दिसले, दारापासून पलंगापर्यंत. त्यांना वाटलं, मांजराने उंदीर आणला. मी कंदिलासारखा टॉर्च घेऊन ठिपक्यांच्या मागे मागे गेलो आणि माझ्याच पायापाशी येऊन थांबलो.

ते बोट, करंगळीशेजारचं, राहिलं नाही. जखम हाडापर्यंत गेली होती. अकरा आठवडे मी खाटेवर होतो. तेव्हा मला तो ऊसतोड्या आठवला. माझ्याकडे तर डोळे होते, नोकरीचं शिक्षण होतं, डॉक्टरांनी ताकीद दिली होती, घरात टॉर्च होता. त्याच्याकडे काय होतं?

दुखणं ही किती मोलाची गोष्ट आहे, हे ज्यांनी जगाला समजावून सांगितलं ते डॉक्टर पॉल ब्रँड. मिशनरी आईबापांचा हा मुलगा १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मला, इंग्लंडात शिकला आणि १९४६ साली वेल्लोरला आला. तोवर मोठमोठे डॉक्टरसुद्धा मानायचे की कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात. ब्रँड साहेबांनी रुग्णांच्या दिवसभराच्या हालचाली बघितल्या आणि दाखवून दिलं की बोटं झडत नाहीत, ती इजेने जातात. तापलेलं भांडं उचललं, गंजलेल्या कुलपात चावी जोर लावून फिरवली, खिळ्यावर पाय पडला, आणि कळलंच नाही. काही जणांची बोटं तर एका रात्रीत कमी झालेली दिसायची. शोध घेतल्यावर समजलं, झोपेत उंदीर कुरतडतात. मग तिथल्या रुग्णांना घरी जाताना एकेक मांजर देऊ लागले. हे ऐकून हसू येतं, पण मी स्वतः आपल्या पाड्यांवर उंदरांनी खाल्लेले पाय पाहिले आहेत. आमच्याकडे मांजराची योजना नव्हती. मी आपला म्हणायचो, पायाला फडकं गुंडाळून झोपा.

त्यांची आणखी एक गोष्ट आहे, त्यांनी स्वतःच सांगितलेली. प्रवासात आजारी होते, आगगाडीतून लंडनला उतरले, खोलीवर जाऊन मोजा काढला तर टाचेला स्पर्श कळेना. सुई टोचून पाहिली. काही नाही. ती सगळी रात्र त्यांनी जागून काढली. आपल्याला कुष्ठरोग झाला, आता बायकामुलांपासून दूर राहावं लागेल. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि जोरात कळ आली. गाडीत एकाच जागी बसून नस दबली होती, इतकंच. त्या कळीने त्यांना इतका आनंद झाला की पुढे आयुष्यभर ते दुखण्याबद्दल देवाचे आभार मानत राहिले. त्यांची सकाळ झाली. माझी ती सकाळ अजून यायची आहे, आणि डॉक्टर म्हणतात ती येणार नाही. मेलेल्या नसा फारशा परत येत नाहीत. उरलेल्या सांभाळायच्या.

आता रोजच्या जगण्याबद्दल. इथे बसलेल्या काहींना हेच दुखणं आहे आणि ते सांगत नाहीत, मला माहीत आहे.

अशक्तपणा हा आगीपेक्षा वेगळा आहे. आग रात्रीची, अशक्तपणा दिवसाचा. बसची पहिली पायरी उंच असते. कंडक्टर घंटा मारतो, मागचे लोक ढकलतात, आणि माझा पाय वर येत नाही. लोकांना वाटतं, म्हातारा प्यायला आहे. अंधारात तर पाय कुठे आहे तेच कळत नाही. डोळे मिटून तोंडावर पाणी मारायला वाकलो की तोल जातो. मोरीत दोनदा पडलो. आता भिंतीला लोखंडी दांडी बसवली आहे आणि रात्रभर शून्याचा दिवा असतो. प्रार्थनेला सगळे डोळे मिटून उभे राहतात तेव्हा मी समोरच्या बाकाला घट्ट धरून उभा असतो. कुणाला वाटतं, माझी भक्ती फार तीव्र आहे.

एका बंधूंनी मला विचारलं होतं, "तुमचा विश्वास कमी पडला का?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी त्यांना इतकंच म्हणालो की याकोब त्या रात्रीनंतर लंगडत चालला, तरी आशीर्वाद त्यालाच मिळाला होता. मफीबोशेथ दोन्ही पायांनी लंगडा होता, तो राजाच्या पंगतीला बसायचा, आणि तिथे बसूनही लंगडाच राहिला. आणखी एक, शास्त्रात जिथे जिथे कुष्ठ शब्द येतो तिथे तो आपला आजचा कुष्ठरोगच असेल असं नाही. लेवीयात तर कपड्याला आणि घराच्या भिंतीलाही कुष्ठ झाल्याचं सांगितलं आहे. जंतूचं कुष्ठ भिंतीला होत नाही. त्या अध्यायांवरून कुणाला गावाबाहेर बसवू नका, एवढंच माझं म्हणणं.

आणि कायद्यानेही तुम्हाला आता ते करता येत नाही. रुग्णांना कोंडून ठेवायचा १८९८ चा जुना कायदा २०१६ साली रद्द झाला. आपल्या ख्रिस्ती लोकांच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे काडीमोडीचं कारण होतं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? ते २०१९ साली काढलं. इतकी वर्षं आपण ते बाळगलं.

औषधांचं थोडक्यात. मी डॉक्टर नाही. आगीसाठी मला प्रीगॅबालिन दिलं आहे, काहींना अमिट्रिप्टिलिन देतात. त्याने आग निम्मी झाली, गेली नाही, आणि सकाळी थोडी गुंगी राहते. झोप मिळाली हीच मोठी गोष्ट. दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्यांचा या आगीवर उपयोग होत नाही, उलट मूत्रपिंड बिघडतं. साखरेची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होतं आणि त्याने नसा आणखी बिघडतात, ते रक्त तपासून घ्या. क्षयाच्या गोळ्या घेणाऱ्यांना पायात मुंग्या आल्या तर गोळ्या सोडू नका, डॉक्टरांना सांगा, त्यावर बी-६ ची साधी गोळी असते. आणि दारू. मोहाची असो की दुकानातली, नसांना दोन्ही सारख्याच. हे मी चर्चमध्ये बोलतोय म्हणून नाही, तपासणीच्या खोलीतही हेच बोलायचो.

गरम पाण्याची पिशवी, शेक, निखाऱ्यावर पाय धरणं, हे बंद. आपल्याकडे थंडीत शेगडीभोवती बसायची रीत आहे. बधिर पायाला विस्तव किती जवळ आहे ते समजत नाही. मोहरीच्या तेलात लसूण तापवून कुणी प्रेमाने चोळायला आलं, तर आधी तेल कोपराने बघा. माझ्या सुनेने एकदा पाय शेकायला टोप भरून गरम पाणी आणलं. बिचारीला वाईट वाटलं, पण मी पाय घातला नाही.

तळपाय रोज बघायचा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवायचा. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवायचा. मी आता हे देवाचं नाव घेतल्यासारखं करतो. कुष्ठरोगाच्या रुग्णाचा पाय कोरडा, भेगाळलेला असतो, त्याला आम्ही सांगायचो, वीस मिनिटं साध्या पाण्यात भिजव, घट्टा दगडाने हळू घास, ओलसर असतानाच तेल लाव. मधुमेहवाल्याने इतकं भिजवू नये. धुवायचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तेल लावायचं ते तळव्याला आणि टाचेला, बेचक्यांत नाही. जखम झाली तर सगळ्यात मोठं औषध म्हणजे त्या पायावर न चालणं. हे मी शेकडो मजुरांना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही म्हणून चिडलो. अकरा आठवडे पडून राहिलो तेव्हा माझं निवृत्तिवेतन चालू होतं. ऊस तोडणाऱ्याचं काय चालू असतं?

म्हणून मदतीच्या बाबतीत माझं थोडं वेगळं मत आहे, ते स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दर नाताळाला आपण पाड्यांवर घोंगड्या वाटतो. वाटा. पण ज्याच्या तळपायाला जखम आहे, त्याच्या घरी सहा आठवडे ज्वारी-तांदूळ पोहोचले आणि त्याला कुणी कामावर बोलावलं नाही, तर त्याचा पाय वाचतो. घोंगडीने वाचत नाही. एखाद्याची चप्पल बघा. टायरची चप्पल टिकते, पण तळ कडक आणि त्यात खिळे. बधिर पायाला आत मऊ आणि खाली कडक अशी एमसीआर रबराची चप्पल लागते, वर मागे पट्टा हवा, म्हणजे माझ्यासारखी रस्त्यात राहणार नाही. कुष्ठरोग्यांना ती सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळते, फक्त कुणीतरी नाव नोंदवायला, माप द्यायला त्याला घेऊन जावं लागतं. ते 'कुणीतरी' होणं हे मंडळीचं काम आहे.

आणि कुणी म्हणेल, कुष्ठरोग आता कुठे राहिला? २००५ च्या डिसेंबरात आपल्या देशाने जाहीर केलं की दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. मग कर्मचारी कमी झाले, शाळांतली तपासणी विरळ झाली, आणि लोकांना वाटलं रोगच संपला. आजही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त भारतात सापडतात. औषध मोफत आहे. चट्टे थोडे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा. मी लागलो तेव्हा नुसत्या डॅप्सोनच्या गोळ्या होत्या, वर्षानुवर्षं, काहींना जन्मभर. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली तीन औषधं एकत्र द्यायला सांगितली आणि आमच्या वह्यांतली नावं कमी होऊ लागली. पहिल्या डोसानंतर लघवी लाल होते, त्याला घाबरून लोक पाकीट नदीत फेकायचे. पांझरेने आमच्या किती गोळ्या प्यायल्या असतील!

नस दुखायला लागली, पाऊल नव्याने लोंबायला लागलं, हाताची बोटं वाकायला लागली, तर सहा महिन्यांच्या आत आलेल्याला स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ताकद परत येऊ शकते. उशीर झाला तर पुढे शस्त्रक्रिया आहे. घोट्याच्या आतल्या बाजूचा स्नायू पुढे आणून बसवतात आणि लोंबणारं पाऊल पुन्हा वर उचलतं. मिरजेचं रिचर्डसन रुग्णालय, परतवाड्याजवळचं कोठारा, इथे हे काम वर्षानुवर्षं चालत आलं आहे. मी पाठवलेला एक पोरगा कोठाऱ्याहून परत आला, तेव्हा आधी गुडघा उंच उचलून पाय फटाफट आपटत चालायचा तो सरळ चालत एसटीतून उतरला. त्याच्या आईने त्याला ओळखलं नाही. चालीवरून ओळखायची सवय झाली होती.

आता त्या ऊसतोड्याचं सांगतो आणि थांबतो.

बोट गेल्यावर, पाय भरल्यावर, गेल्या हिवाळ्यात मी त्याच्या पाड्यावर गेलो. जीपने गेलो, शेवटचा चढ काठी टेकत. तो ओट्यावर बसून मुलाच्या मुलासाठी दोरी वळत होता. त्याचा तो पाय आता आखूड झाला आहे, दोन बोटं नाहीत, पण जखम नाही. कितीतरी वर्षांत नाही. मला बघून उठला, "साहेब" म्हणाला, नातवाला पाणी आणायला पाठवलं. मी त्याला सांगितलं की त्या वेळी मी तुझ्यावर ओरडलो, ते चुकलं. त्याला ती गोष्ट आठवत नव्हती. किंवा आठवत होती आणि त्याने मला तसं सांगितलं. माहीत नाही.

मग त्याने माझ्या पायाकडे बोट दाखवून विचारलं, काय झालं? मी चप्पल काढली. त्याने माझा पाय उचलून सरळ आपल्या मांडीवर घेतला. मी मागे घेत होतो, त्याने धरून ठेवला. तळवा उजेडाकडे फिरवला, अंगठ्याने दाबत दाबत गेला, अगदी आम्ही शिकवलं होतं तसं, टाचेपासून पुढे. आणि एका जागी थांबला. बाभळीचा काटा होता, मोडलेला, चढ चढताना घुसलेला असावा. म्हणाला, "साहेब, तुमले समजनं नही का?"

मी काही बोललो नाही. त्याने बायकोकडून सुई मागितली, चुलीवर तापवली, गार होऊ दिली, आणि काटा काढून माझ्या हातावर ठेवला.

असो. चहा झाला असं बाहेरून खुणावताहेत. चहा घेतल्यावर कुणी लगेच जाऊ नका. ग्रामीण रुग्णालयातल्या दोन ताई आल्या आहेत, त्यांच्याकडे तो नायलॉनचा बारीक तंतू आहे, टोचत नाही, नुसता टेकवतात. साखर असलेले, चट्टा असलेले, पायात मुंग्या येणारे, चप्पल हरवणारे, सगळ्यांनी मागच्या बाकावर पाय धुऊन बसायचं. डोळे मिटायला सांगतील तेव्हा खरंच मिटा आणि अंदाजाने "हो" म्हणू नका. पहिला नंबर पाळकसाहेबांचा. त्यांनी मघाशी मला हळूच विचारलं आहे, म्हणून सांगतो.